तुमच्या नावाचे दोन स्पीकर

बाई, मुलुंडच्या आपल्या हॉलमधली महिन्याची गाण्याची बैठक बंद झाली. मी ती वाचवायचा प्रयत्न केला आणि मला ते जमलं नाही. हे तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं होतं. तुमच्या बरोबरीचे बहुतेक सगळे आता वर तुमच्याकडेच आले आहेत, त्यामुळे बातमी पोचलीही असेल. पण त्यातल्या निम्म्यांना ऐकू येत नव्हतं, तेव्हा त्यांनी काय ऐकलं आणि तुम्हाला काय सांगितलं, देव जाणे. म्हणून मी पहिल्यापासून नीट लिहिते. माझं अक्षर तुम्हाला कधीच आवडलं नाही, तेवढं सोसा.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती भांडुपच्या चाळीतून, आईचा हात धरून. वडील गिरणीत मागांवर होते आणि मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते, त्यामुळे आमच्या घरात साधं ‘चहा झालाय’ हेही ओरडून सांगावं लागायचं. गिरणी बंद पडली, वडील एका सोसायटीत वॉचमन झाले, पण घरातलं ओरडणं काही गेलं नाही. मी तसंच ओरडून तुम्हाला माझं नाव सांगितलं. तुम्ही म्हणालात, “अगं, हळू. मी माग नाहीये.” आई शरमेनं लाल झाली. मला मात्र हसू आलं, कारण घराबाहेरचं कोणीतरी आमच्या घरातली खरी गोष्ट इतक्या सहज बोललं होतं. त्या दिवसापासून मी तुमच्याशी हळू बोलायला शिकले आणि घरी गेलं की परत ओरडायची.

तुमची शिकवणी बाहेरच्या खोलीत चालायची आणि आवडत्या मुलींची आत, स्वयंपाकघरात. मी आवडती नव्हते. आत शिरले ती एका ताटामुळे. तुम्ही डाळिंब्या सोलत गुणगुणत होतात आणि वरच्या एका सुरावर आलात की मांडणीतलं काहीतरी झणझणायचं. तुम्ही दोनतीनदा थांबलात, वैतागलात, वाट्या हलवून पाहिल्यात. मी दारातून म्हटलं, “बाई, खालच्या फळीवरचं मोठं ताट. भिंतीला टेकलंय ते.” तुम्ही ताट सरकवलंत, परत तो सूर लावलात, झणझणाट गेला. मग समोरची परात माझ्याकडे ढकललीत आणि म्हणालात, “बस. सोल.” मला वाटलं आता माझं नशीब उघडलं. नखांत वालाची सालं अडकलेली, बोटं सुरकुतलेली, आणि मनात मी थेट स्टेजवर जाऊन बसले होते.

त्याच स्वयंपाकघरात, पुढे काही वर्षांनी, तुम्ही मला गाणं सोडायला सांगितलंत. मी माझा राग गाऊन संपवला होता, चुकले कुठेच नव्हते. तुम्ही आमटीला फोडणी दिलीत, झाकण ठेवलंत आणि पाठमोऱ्याच म्हणालात, “सुरात आहेस. पण ऐकत राहावंसं वाटत नाही. तुझ्याकडे गळा नाही गं, कान आहेत. गळ्याच्या मागे लागून कानांची वाट लावू नकोस.” ‘वाट लावू नकोस’ हे शब्द तुमच्या तोंडी मी तेव्हा एकदाच ऐकले. मी घरी येऊन रडले. आईनं पदर खोचलेला, हातात लाटणं, आणि वडिलांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, “बाईंनी सांगल्यानी तां खोटां नाय. पण मगे तू करतलंस काय गो?” त्याचं उत्तर तुमच्याकडे असावं असं मला आता वाटतं, पण तुम्ही ते कधी उघड केलं नाहीत.

तुम्ही मला शेवटच्या रांगेत बसवलंत. आपल्या हॉलमध्ये तेव्हा माईक नव्हता आणि तुमची एक पद्धत होती, जी मी दुसरीकडे कुठेच पाहिली नाही. बैठक सुरू झाली की एक शिष्या पार मागे, दाराजवळ बसायची. शब्द पोचले नाहीत तर तिनं बोलायचं नाही, नुसतं उठून उभं राहायचं. बाकीच्या मुली लाजायच्या, अर्धवट उठायच्या, परत बसायच्या. मी वडिलांची मुलगी. ऐकू येत नसेल तर ते सांगायचं असतं, यात लाज कसली? एकदा पुण्याचे एक नावाजलेले गवई आले होते. त्यांनी डोळे मिटून आलाप सुरू केला आणि मी उभी राहिले. डोळे उघडले तर समोर मी. त्यांनी गाणं थांबवून विचारलं, “या मुलीला जायचंय का कुठे?” सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही स्टेजवर गेलात, डोक्यावरचा पंखा बंद करायला लावलात, आणि त्या भल्या माणसाला सतरंजीसकट मागच्या भिंतीपासून पुढे ओढून थोडं तिरकं बसवलंत. तो इतका चकित झाला की रागवायचंच विसरला. पुन्हा गायला लागला, आणि आवाज माझ्यापर्यंत असा आला, की जणू तो माझ्या शेजारीच बसलाय. मी खाली बसले. पुढे आयुष्यभर मी तेच करत आले आहे. फक्त गवयाच्या जागी स्पीकरचे खोके ओढते.

मी अंधेरीला ध्वनीचा कोर्स करायचं ठरवलं तेव्हा तुम्ही आधी हसलात आणि मग आत जाऊन स्वतः विणलेली लोकरीची कानटोपी आणून दिलीत. मुंबईत! “कान झाकून हिंड. आता तेच तुझं पोट आहे.” मी ती एकदाही घातली नाही, कारण घातली असती तर वर्गातल्या मुलांनी मला जगू दिलं नसतं. तशीही त्या वर्गात मी एकटीच मुलगी होते.

आता मरोळला औद्योगिक वसाहतीत माझा एक गाळा आहे. शेजारी डाय, म्हणजे लोखंडी साचे, बनवणारे आहेत, त्यांचं मशीन दिवसभर ठोकत असतं आणि मला वडिलांची आठवण येते. मी लहान जागांची कामं घेते. गिटार वाजवणाऱ्या पोरांचं अंधेरीतलं कॅफे, बोरिवलीतलं गझलवालं रेस्टॉरंट, घाटकोपरला एका शाळेचा दोनशे खुर्च्यांचा रंगमंच. मोठ्या मैदानावरचं काम सोपं असतं बाई, आवाज सोडला की तो निघून जातो. लहान खोलीत त्याला जायला वाव नसतो. तो टाइल्सवर आपटतो, काचेवर आपटतो, छताच्या तुळईवर आपटतो आणि थकून, गढूळ होऊन कानाशी येतो. मालक म्हणतात, ऐकू येत नाही, मोठा स्पीकर लावा. मी म्हणते, मोठा लावलात तर गढूळपणाच मोठा होईल. लहान घ्या, पण जिथे ऐकणारा आहे तिथे त्याचं तोंड करा. कोपऱ्यात ठेवू नका, कोपरा घुमतो. उंच टांगा आणि खाली वाकवा, म्हणजे आवाज पुढच्या रांगेच्या डोक्यावरून मागच्या रांगेच्या कानात उतरेल. मागे अजून दोन छोटे लावा, पण त्यांना कणभर उशिरा बोलायला सांगा, म्हणजे कानाला वाटतं की आवाज गाणाऱ्याकडूनच आला. हे सगळं ऐकून मालक मान डोलावतात आणि विचारतात, “मॅडम, पण दिसायला एकदम छोटे नाय वाटत?” मी हे रोज ऐकते. भांडते, कधी जिंकते, बऱ्याचदा हरते, आणि दुसऱ्या जागी जाते. आपला हॉल मात्र दुसरी जागा नव्हती.

तुम्ही गेलात त्यानंतर काही वर्षं बैठक चांगली चालली. मग श्रोत्यांचे गुडघे गेले, खाली बसणं संपलं, गाद्या-लोड मागच्या खोलीत गेले आणि खुर्च्या आल्या. माईक आला. आणि मग तुमच्या भाच्यानं हॉलच्या मंडळाला स्पीकर भेट दिले. तुम्ही ज्याला लहानाचं मोठं केलंत, तो. कांदिवलीला असतो आता, स्वतःचं घर, चांगली नोकरी झाली, निवृत्तही झाला. त्याला गाण्यातलं काही कळत नाही हे तुम्हीच सांगायचात. तो दुकानात गेला आणि मावशीला शोभेलसं जे सगळ्यात मोठं होतं ते घेऊन आला. लग्नाच्या हॉलमध्ये असतात तसे, माणसाच्या छातीएवढे दोन खोके. आणि आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. देवळातला पंखासुद्धा पात्यावर कोणाचं तरी नाव घेऊन फिरतो. तसं त्यानं दोन्ही स्पीकरवर, समोरच्या जाळीखाली, पिवळ्या ठळक अक्षरांत लिहून घेतलं: ‘कै.’ आणि पुढे तुमचं पूर्ण नाव, ‘यांच्या स्मरणार्थ’. ज्या बाईनं हयातभर माईकला ‘तो दांडका’ म्हटलं, तिचं नाव. मी पाहिलं तेव्हा खरं सांगते, मला हसू आवरेना. तुम्ही असतात तर तुम्हीही हसला असतात, आणि मग ते खोके जिन्यावरून खाली सोडले असतेत.

ते स्टेजच्या दोन कोपऱ्यांत उभे राहिले. पुढच्या दोन रांगांतल्या लोकांचे कान किटायला लागले आणि मागे तबल्याचा नुसता ‘घूं’ यायला लागला, शब्द नाहीत. बंदिशीचा मुखडा तेवढा ओळखीमुळे कळायचा. लोक काही बोलले नाहीत. आपले लोक बोलत नाहीत, येणं बंद करतात. एकेक खुर्ची रिकामी व्हायला लागली तेव्हा मंडळाच्या सेक्रेटरींनी मला बोलावलं. ते माझ्याच वयाचे आहेत, तुमच्या शेवटच्या काळातले विद्यार्थी, तबला वाजवायचे. म्हणाले, “ताई, दिवाळीपर्यंत लोक परत आले तर ठीक, नाहीतर बैठक बंद करायची असं कमिटीत ठरतंय. कराओकेवाले मागे लागलेत, त्यांना दर वीकेंडला हॉल पाहिजे. तू बघ ना यार काहीतरी.”

मी पाहिलं. हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली आणि तिचं काय होतं ते ऐकलं. एवढ्यावरच दुखणं कळलं. मी कमिटीला सांगितलं की हे खोके तरी टांगू या, आडवे करून, आत वळवून, भिंतींपासून लांब. अध्यक्षांनी हात हवेत फिरवून अंदाज घेतला आणि म्हणाले, “पण मग बाईंचं नाव उलटं दिसेल.” मी म्हटलं, आडवं दिसेल. मग त्यांनी विचारलं, “आणि आत वळवले तर?” मी म्हटलं, तर नाव समोरून दिसणार नाही, बाजूच्या भिंतीकडे जाईल. तुमच्या शिष्या होत्या तिथे दोघी, पांढऱ्या केसांच्या. त्यातली एक म्हणाली, “म्हणजे बाईंना भिंतीकडे तोंड करून उभं करायचं?” आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही तिला एकदा खरोखरच भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतंत, ताल चुकला म्हणून. पण हे मी बोलले नाही.

शेवटी मी भाच्याकडे गेले. त्यानं स्वतः चहा केला, तुमच्या पद्धतीनं, गवती चहा घालून. भिंतीवर तुमचा तरुणपणचा फोटो आहे, मी तो कधीच पाहिला नव्हता. मी सगळं समजावून सांगितलं, कागदावर हॉल काढून दाखवला, आवाज कुठे जातो आणि कुठे अडकतो ते दाखवलं. तो लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, “हे बघ, मला सूर कळत नाही, ताल कळत नाही. मावशी मला म्हणायची, तुझ्यासारखा बहिरा घरात असणं हीच माझी शिक्षा. मी तिच्यासाठी गाऊ शकलो नाही, तिचं ऐकूही शकलो नाही. नाव लिहिता येतं, ते लिहिलं. ते नको काढूस गं. बाकी तू म्हणशील ते.” मी चहा संपवला. कागद घडी करून पर्समध्ये टाकला. त्याला मी काय सांगायला हवं होतं बाई?

कमिटीनं मला एक बैठक दिली, एकच. तुमच्या नावाचे खोके जागेवर राहतील, पण बंद. मी माझे चार लहान स्पीकर आणायचे आणि हवे तिथे लावायचे. मी गाळ्यातले सगळ्यात स्वच्छ बोलणारे चार निवडले. एक आख्खा दिवस शिडीवर होते. दोन पुढे, स्टेजच्या थोडे अलीकडे, उंचावर, वाकवलेले. दोन मध्यावर, मागच्या खुर्च्यांसाठी, कणभर उशिरा बोलणारे. गाणाऱ्याची जागा मी तुमच्यासारखीच भिंतीपासून पुढे ओढली. कुठला पंखा घरघरतो ते पाहून कुठला बंद ठेवायचा ते ठरवलं. आणि सगळा हिशोब भरलेल्या हॉलचा धरला. माणसाचं अंग आवाज शोषून घेतं, कपडे शोषतात, शाली शोषतात. भरल्या हॉलचा आवाज निराळा आणि रिकाम्याचा निराळा. मी हे लग्नाच्या हॉलवाल्यांना नेहमी सांगते. इथे मी बिनधास्त भरलेला धरला, कारण त्यासाठीच तर सगळं चाललं होतं.

आणि मी फोन केले. जुन्या एकेका श्रोत्याला, स्वतः. मला वाटलं होतं, ‘आता शब्द ऐकू येतील’ एवढं सांगितलं की पुरे. ठाण्याला मुलाकडे गेलेल्या एक आजी म्हणाल्या, “मला कानाचं मशीन लावून गाणं म्हणजे पत्र्यावर पाऊस ऐकल्यासारखं वाटतं गं. तू कितीही चांगलं लावलंस तरी शेवटी ते मशीनमधूनच येणार.” एका काकांना दोन मजले चढवत नाहीत आणि लिफ्ट नाही. एकांच्या बायकोला घरात एकटं ठेवता येत नाही. दोन घरी सुनेनं फोन उचलला आणि सांगितलं, ते गेले, मागच्या वर्षी. मी मंडळाच्या एकाही माणसाला हे बोलले नाही. वर्षभर आम्ही सगळे स्पीकरवर भांडत होतो, कारण स्पीकर हलवता येतो.

बैठकीच्या संध्याकाळी मी आधी जाऊन चाचणी घेत होते. गाणारी डोंबिवलीची तरुण मुलगी, गळा असा की तुम्ही तिला पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात नेलं असतंत. वेळ होत आली आणि आले ते मोजकेच, पुढच्या एका रांगेत मावतील एवढे. तिनं तानपुरा लावला, सूर लावला, आणि हॉल घुमला. मी केलेला सगळा हिशोब रिकाम्या खुर्च्यांवर आपटून परत येत होता. मी आवाज कमी केला, तरी घुमला. गाणारी माझ्याकडे पाहायला लागली. तेव्हा मी मागच्या खोलीत गेले आणि जुन्या गाद्या आणि लोड ओढून आणायला सुरुवात केली. सेक्रेटरी धावत आले, “ताई, काय करतेयस?” मी म्हटलं, “धर तिकडून.” आम्ही खुर्च्याखुर्च्यांवर लोड उभे टेकवले, गाद्या दुमडून बसवल्या, मागच्या रांगांपासून पुढपर्यंत. गाणारी हसत म्हणाली, “अहो ताई, हे काय? माणसं कुठेयत?” मी म्हटलं, “तू गा ना. बघ कसा लागतोय.” तिनं परत सूर लावला आणि तिचा चेहरा बदलला. “झकास लागतोय हो,” ती हळूच म्हणाली.

ती फार सुंदर गायली बाई. मी शेवटच्या रांगेत दोन लोडांच्या मधे बसले होते आणि एकेक शब्द, एकेक श्वास माझ्यापर्यंत येत होता. आपल्या हॉलमध्ये असा आवाज कधीच लागला नव्हता, तुमच्या काळातही नाही. हे मी तुमच्या तोंडावर सांगितलं नसतं. एक आजोबा उशिरा आले, इकडेतिकडे पाहून एका लोडाशेजारी बसले, आणि थोड्या वेळानं सवयीनं त्याच्यावर हात टाकून रेलले. मध्यंतर झालं तेव्हा ते मला म्हणाले, “छान वाटलं. ऐकू काही आलं नाही, पण छान वाटलं.” सगळं संपल्यावर सेक्रेटरींनी मला गाद्या उचलायला मदत केली. जिन्यात थांबून म्हणाले, “ताई, आवाजाची तक्रार आता कोणाचीच नाय बघ. ऐकणारंच कोणी नाय ना.” पुढच्या आठवड्यात कमिटी बसली आणि बैठक बंद झाली. कोणी विरोध केला नाही. तुमच्या त्या शिष्येनंही नाही. तिनं एवढंच विचारलं की बाईंचे स्पीकर तरी ठेवणार ना.

ठेवले आहेत. कराओकेवाल्यांना ते फार आवडले. निवृत्त बँकवाले, डॉक्टरीणबाई, साड्यांवर चमकी, पुरुषांच्या अंगात रंगीत जाकिटं, रांग लावून जुनी गाणी म्हणतात. त्यांनी मला एकदा बोलावलं, माईक शिट्टी मारतोय म्हणून. मी गेले. हॉल गच्च भरला होता, बाजूला माणसं उभी होती. एवढी अंगं आत असली की घुमणं आपोआप खाली बसतं. कोपऱ्यातले ते राक्षससुद्धा बऱ्यापैकी बोलत होते. सुरात कोणीच नव्हतं आणि शब्द सगळे कळत होते. मी माईकची जागा बदलली, शिट्टी गेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुमच्या नावावर हिरवा-निळा उजेड फिरत होता. त्यांच्यावर राग धरावा असं खूप वाटलं, पण ती माणसं आनंदात होती, आणि दोन मजले चढून आली होती.

हे भाच्याला वाचून दाखवावं असं एकदा मनात आलं. नाही दाखवणार. तो खोके उचलून घेऊन जाईल आणि मग तुमच्यासाठी केलेलं असं त्याच्याजवळ काहीच राहणार नाही. कोणाला पाठवायचंही नाही. गाळ्यात बसून लिहिलंय, शेजारचं मशीन आत्ताच थांबलं, आणि आता इथे इतकं शांत आहे की मला भीती वाटते.

पण एक गोष्ट मी कोणालाच बोलले नाही, ती तुम्हाला सांगते. त्या संध्याकाळी लोड मांडून झाले, तिनं सूर लावला आणि तो स्वच्छ माझ्यापर्यंत आला, तेव्हा मला वाईट वाटलं नाही. लोड खोकत नाहीत, मधेच उठत नाहीत, फोन घेत नाहीत, मरत नाहीत. हॉलभर ते नीट बसले होते आणि आवाज अगदी माझ्या मनासारखा लागला होता. दारात पावलं वाजली, ते आजोबा उशिरा आत येत होते, आणि त्यांच्यासाठी मला एक लोड उचलावा लागला. बाई, मला त्यांचा राग आला.